समहाची दाढ

उकळायचं नाही, हे पहिलं.
उकळलं की चरबी आत पळते,
हाडाच्या खोलीला कडी लावून बसते
आणि दोन वर्षांनी, कुणाच्या तरी कमरेला,
खंजिराच्या मुठीतून पिवळी पाझरते.
मग गिऱ्हाईक खल्फानकडे येतं, आणि खल्फान माझ्याकडे.

म्हणून निळं पिंप, साधं पाणी, घट्ट झाकण,
निझवाच्या सूकमागे, बोळाच्या टोकाच्या गच्चीवर.
वास येतो. यायचाच.
खालच्या मजल्यावरचा मुरुडचा इर्शाद खिडकीच्या फटींना टेप लावतो
आणि तरी रोज संध्याकाळी चहा घेऊन वर येतो,
नाकाला रुमाल बांधून.

तीन आठवड्यांनी मांस आपणहून हात सोडतं.
पुढे कोमट पाणी, भांड्यांचा साबण.
पाण्यावर चरबीचे डोळे तरंगले की पाणी बदल.
पुन्हा डोळे, पुन्हा पाणी.
ब्लीच नको, ब्लीचने हाडाचा खडू होतो;
पेरॉक्साइड, तेही पातळ, एक रात्र.
वाळवण सावलीत, ओल्या गोणपाटाखाली,
कुणाला कळू नये असं.
बापूस सावंतवाडीला शिंगाच्या फण्या कातायचा.
म्हणायचा, "हाडाक घाई सोसना नाय."

दातांचं निराळंच.
दात मेल्यावरही रागीट.

हुवैशिल आला तो रमजानच्या कितीतरी आधी,
पिकअपमध्ये गोणी, गोणीत समहाचा जबडा, पायाच्या दोन नळ्या.
बावीस वर्षांची सांडणी.
तिचं नाव घेण्याआधी तो थोडा थांबायचा,
उंबऱ्याशी चप्पल काढावी तसा.
"नळीची मूठ कर, काठीला. दाढांचे मणी, नातीला.
ईदच्या आत."

घाई मीच केली.
चार दिवस राहिले आणि दाढा अजून दमट,
त्या खोलीत आणल्या, एसीखाली, टॉवेलवर मांडल्या.
रात्री दोनला पहिला आवाज,
अडकित्त्यात सुपारी फुटावी तसा.
मग दुसरा.
उजाडेपर्यंत अंथरुणात मोजत होतो. सात.
उठलो नाही. उठून काय करणार होतो?

म्हातारा आला. मी काठी पुढे केली.
मूठ अशी साफ उतरली होती
की खल्फानने सकाळी दोनदा हातात घेतलेली.
हुवैशिलने ती नाकाशी नेली.
"साबण," म्हणाला.
एवढंच.
मी फुटक्या दाढा पसरल्या,
पाठ केलेली अरबी माफी नेमकी विसरलो.
त्याने तिकडे पाहिलंच नाही.
तो वाकला होता फळीखाली,
जिथे डब्याच्या झाकणात एक दाढ राहून गेली होती,
न धुतलेली, विसरलेली:
मुळाशी तपकिरी कीट, खाचांत काळा-हिरवा थर
बावीस वर्षं चघळलेल्या गाफच्या पाल्याचा.
(गाफ म्हणजे आपली शमीच. मला इथे येऊन कळलं.)
नखाने त्याने थोडं खरवडलं
आणि जिभेवर ठेवलं.
माझ्या अंगावर काटा.
तो हसला, त्याच्याही तोंडात दाढा नव्हत्या फारशा.
दाढ दिशदाशाच्या खिशात टाकून,
पैसे पुरते मोजून,
काठी भिंतीला टेकवून गेला.

खल्फान म्हणाला, विकून टाक, पर्यटक येतातच.
विकली. पंचवीस रियाल.
घेणाऱ्या बाईने विचारलं, हे हस्तिदंत तर नाही ना?
मी म्हटलं, नाही, समहा आहे.
तिला वाटलं, झाडाचं नाव.

माझ्या ट्रंकेत एक फणी आहे,
बापसाने कातलेली, आईने वापरलेली.
दातांच्या बुडाशी खोबरेलाचा मेणकट थर,
आणि एक केस, अडकलेला, अर्धा पांढरा.
या शुक्रवारी ती धुवायला काढली होती.
पाणी कोमट केलं, साबण विरघळवला,
बराच वेळ घमेल्यापाशी उकिडवा बसलो.

त्या पाण्यात मग मोजे धुतले.